शाळेच्या फुटबॉल टीमनं पेठेसाठी काय काम करावं? (फोटोपुरतं नको)

पेठेतला_मास्तर
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका शाळेची टीम मी बघतो, १८ पोरं, नववी-दहावीची, रोज सकाळी सहाला गांधी मैदानावर असतोय आम्ही. गेल्या वर्षी एका रविवारी सगळ्यांना रंकाळ्यावर नेलं, चौपाटीवरचं प्लॅस्टिक गोळा केलं, ४० मिनिटं काम, दहा मिनिटं फोटो, सगळ्यांच्या स्टेटसला लागलं आणि संपलं. पुढच्या आठवड्यात आमचा लेफ्ट बॅक विचारतोय, सर परत कधी जायचं, तिथं परत कचरा पडलाय. मला उत्तरच देता आलं नाही. उद्या हीच पोरं तालमीच्या टीममधनं (इथं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) शाहू स्टेडियमला उतरणार, अख्खी पेठ त्यांच्यासाठी घसा फोडून ओरडणार, तर त्याच्या आधी पेठेतल्या माणसांना ह्यांचा काहीतरी उपयोग व्हावा असं मनापासनं वाटतंय. वर्षभर टिकंल असं काय करता येईल?

गोलकीपरची_आई
सर विचार चांगला आहे, पण दहावीच्या पोरांना रविवार एकच मिळतो हो, मैदान, शाळा, क्लास करून रात्री जेवताना डुलक्या घेतंय माझं लेकरू. नववीच्या पोरांसाठी मात्र एक सुचवते. दहावीच्या बोर्डाला अंध मुलांना लेखनिक लागतात आणि लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो, म्हणजे नववीचं पोरगं चालतं. शेजारच्या ताईंच्या मुलीला शेवटच्या आठवड्यापर्यंत कोण मिळत नव्हतं, त्या माउलीची धावपळ मी बघितलीय. माझा लेक बसला तिच्यासाठी, एरवी एका जागी दहा मिनिटं न बसणारा पोरगा तीन तास ती सांगेल तेवढंच लिहीत होता. अंधशाळेत दिवाळीनंतरच जाऊन नावं देऊन ठेवा, आणि अक्षर बघून पोरं निवडा.

जुना_सेंटर_हाफ
मास्तर माझं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात मी दहावीत, पंचगंगेला महापूर आलेला, राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलेलं ५५ च्या वर. सुतारवाड्यातली माणसं दसरा चौकात चित्रदुर्ग मठात आणलेली. आम्ही सात-आठ जण गेलो, डोक्यात एकच की आता बोटीत बसायला मिळणार. तिथल्या एका काकांनी पहिल्यांदाच दम दिला, पाण्याकडं एक जरी पोरगं दिसलं तरी सगळ्यांना घरी घालवीन. मग टेम्पोतनं भाकरीची पोती, पाण्याचे बॉक्स उतरून घ्यायचं काम लागलं, ओळ लावली आणि हातोहात, एकत्र खेळायची सवय असल्यामुळं कुणाला काय सांगावं लागलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी वेगळंच ध्यानात आलं. तिथं बारकी पोरं लय होती, बाहेर पाऊस, शाळा बंद, आया बिचाऱ्या घरात किती पाणी शिरलं असंल ह्या काळजीत, पोरं नुसती रडायची नाहीतर भांडायची. आमच्यातल्या एकानं पेपरचा गोळा सुतळीनं बांधून बॉल केला आणि मोकळ्या जागेत खेळवायला घेतलं. चार दिवस रोज संध्याकाळी हेच केलं. एक आज्जी तर आम्ही कधी येतोय बघत दारातच बसायची, "आली रं खेळवणारी पोरं" म्हणून हाक मारायची. तो आवाज अजून कानात हाय.

म्हणून म्हणतो, पोरांना जे येतंय तेच द्यायला लावा की. जवळच्या महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या पोरापोरींना आठवड्यातनं एकदा तासभर खेळवा. कचरा कुणीपण उचलंल, डाव्या पायानं पास कसा द्यायचा हे तुमचा लेफ्ट बॅकच शिकवंल.

फिजिओताई
एक कळकळीची विनंती. पूर ओसरला की चिखल काढायला पोरांना नेऊ नका. खेळणाऱ्या पोरांच्या गुडघ्याला, नडगीला कायम खरचटलेलं असतं, पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, त्या जखमेतनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) नावाचा आजार होतो, सुरुवातीला साधा ताप वाटतो आणि पुढं किडनी-लिव्हरपर्यंत जातं. मोठी माणसं गमबूट-हातमोजे घालून करतील ते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते पालकांना विचारा आणि घरच्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कुठंच नेऊ नका.

पंचगंगा_काठ
घरगुती गणपती-गौरी विसर्जनाच्या दिवशी कुंडांवर निर्माल्य वेगळं करायला माणसं कमीच पडतात. फुलं-पत्री एकीकडं, कापराच्या पिशव्या आणि थर्माकोल दुसरीकडं, म्हणजे खत होतं, नाहीतर सगळंच वाया. पण आधी वॉर्डच्या मुकादमाला भेटून कुठल्या कुंडावर गरज आहे ते विचारा, आपल्या मनानं गेलं की गर्दीच वाढते. आणि मास्तर, तुम्ही आम्हाला विचारताय तसं पोरांना विचारलंय का? तो लेफ्ट बॅक स्वतःहून विचारत होता की.

पेठेतला_मास्तर
नव्हतं विचारलं, तुमचं बरोबर आहे. आज प्रॅक्टिस झाल्यावर सगळ्यांना गोल बसवून विचारलं. ११ जणांनी बारक्यांना शिकवायचं म्हटलं, चौघं लेखनिकाला तयार, राहिलेले दहावीचे तिघं म्हणाले परीक्षा झाली की येतो. जवळच्या शाळेच्या बाईंना भेटून आलो, गुरुवारी चार ते पाच मैदान मोकळं असतंय म्हणाल्या, मी स्वतः थांबणार. लेफ्ट बॅक तर वहीत काय काय लिहून आणतो म्हणालाय. फक्त आमचे बॉल सगळे पाच नंबरचे, बारक्यांना चार नंबरचा लागतोय. कुणाकडं जुने पडलेत का?

गोलकीपरची_आई
माळ्यावर दोन आहेत सर, एकाचा ब्लॅडर गेलाय. उद्या लेकाजवळ देते.