जीएम-क्रायस्लरला सरकारने वाचवलं की दिवाळखोरीने? पुरवठादाराच्या बाजूने हिशेब मांडायचाय

रोकडवही (प्रश्न)

२००८-०९ मध्ये अमेरिकी सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला पैसा दिला. विषय निघाला की 'लाखो नोकऱ्या वाचल्या' आणि 'करदात्याचा पैसा बुडाला' या दोन वाक्यांपुढे चर्चा सरकत नाही. पण दोन्ही कंपन्या शेवटी चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे अमेरिकी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, गेल्याच: क्रायस्लर ३० एप्रिल २००९ ला, जीएम १ जूनला. मग आधी दिलेल्या पैशाने नेमकं काय साधलं? दिवाळखोरीच घ्यायची होती तर डिसेंबरातच का नाही घेतली? आणि सुटे भाग देणाऱ्याला यातलं काय परवडतं? आकड्यांसह सांगा.

तिसरी_पाळी

'मदत की दिवाळखोरी' हा प्रश्नच चुकीच्या जागी तोडलाय. चॅप्टर ११ म्हणजे कारखाना चालू ठेवून कर्जाची फेररचना, आणि कारखाना चालू ठेवायला पहिल्या सकाळपासून रोकड लागते. पगार, पोलाद, वीज, वॉरंटीची कामं. अर्ज दाखल झाला की जुनी देणी गोठतात, पण नवा माल कोणी उधारीवर सोडत नाही. म्हणून कोर्टाच्या मंजुरीने नवं कर्ज उभं करतात. त्याला फेडीत जुन्या धनकोंच्या आधीचा हक्क मिळतो. तिकडे त्याला डीआयपी कर्ज म्हणतात.

लेहमन ही गुंतवणूक बँक कोसळल्यावर एवढं कर्ज देणारं खासगी कोणी उरलं नव्हतं. जीएमच्या प्रकरणात ३३.३ अब्ज डॉलर अमेरिका आणि कॅनडाच्या सरकारांनी घातले. ते नसते तर चॅप्टर ११ चं चॅप्टर ७ झालं असतं, म्हणजे गेटला कुलूप आणि यंत्रांचा लिलाव.

आता डिसेंबरचा मुद्दा. ११ डिसेंबर २००८ ला सिनेटमध्ये मदतीचं विधेयक अडकलं. १९ तारखेला बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून १७.४ अब्ज जाहीर केले: १३.४ जीएमला, ४ क्रायस्लरला. हे पैसे रोजचा खर्च भागवण्यात गेले, पण त्यातून तयारीला वेळ मिळाला. ३० मार्चला ओबामांनी दोघांचे आराखडे नाकारले, जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना जावं लागलं, क्रायस्लरला ३० आणि जीएमला ६० दिवस दिले. त्या मुदतीत दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६३ खालच्या विक्रीची कागदपत्रं तयार झाली: चांगली मालमत्ता नव्या कंपनीकडे, नको ते कारखाने आणि जुनी देणी जुन्या कंपनीत. म्हणूनच क्रायस्लर ४२ दिवसांत आणि जीएम ४० दिवसांत बाहेर पडली. विनातयारी गेलं की काय होतं ते डेल्फीत पाहा. ऑक्टोबर २००५ मध्ये आत गेलेली ही सुट्या भागांची कंपनी बाहेर यायला चार वर्षं लागली. सुटे भाग बनवणारा तेवढं तग धरू शकतो, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे दुसरी कंपनी. मोटार बनवणाऱ्याचं तसं नाही. कोर्टात अडकलेल्या कंपनीची गाडी पाच वर्षांच्या वॉरंटीच्या भरवशावर कोण घेईल? म्हणून तर मार्च २००९ मध्ये सरकारनेच वॉरंटीची हमी घेतली.

माझं मत: डिसेंबरचे पैसे फार सैल अटींवर दिले, मार्चच्या अटी तेव्हाच घालायला हव्या होत्या. पण न देणं हा त्याहून वाईट पर्याय होता.

डाय_सेटर

पुरवठादाराचा हिशेब मी मांडतो. जीएम तेव्हा पैसे द्यायची माल मिळाल्याच्या महिन्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सरासरी ४७ दिवसांनी. अमेरिकी कायद्यात कलम ५०३(ब)(९) आहे: अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत पोचलेल्या मालाला अग्रक्रम. त्याआधीचा सगळा माल विनातारण धनकोंच्या रांगेत.

समजा तुम्ही रोज १ लाख डॉलरचा माल देता. येणी ४७ लाख. त्यातले २० लाख सुरक्षित, तेही लगेच हातात येतील असं नाही. उरलेले २७ लाख रांगेत. नफा ५ टक्के धरला तर २७ लाख भरून काढायला ५ कोटी ४० लाखांची विक्री हवी, म्हणजे ५४० दिवसांचा माल निव्वळ भोक बुजवण्यासाठी. शिवाय ही येणी बँकेकडे तारण असतात. गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलं की बँक त्याची बिलं ड्रॉइंग पॉवरमधून (तारणावर पैसे उचलण्याच्या मर्यादेतून) काढून टाकते आणि त्याच आठवड्यात पगाराला पैसे नसतात.

मग तोच माणूस फोर्डचा आणि टोयोटाचाही पुरवठादार असतो. तो बसला की त्यांचीही लाइन थांबते, कारण सीट किंवा डॅशबोर्डचा साठा लाइनवर काही तासांचाच असतो. डाय (भाग घडवायचा साचा) उचलून दुसऱ्याकडे नेता येते, पण नव्या प्रेसवर ट्रायल, मापं, पीपीएपीची (उत्पादनाआधी गिऱ्हाईकाने भाग तपासून द्यायची) मंजुरी यात महिने जातात. फोर्डने २००६ मध्येच निळ्या अंडाकृती चिन्हासकट सगळं गहाण टाकून २३.६ अब्ज उचलले होते, त्यामुळे हे तातडीचं कर्ज तिने घेतलं नाही. तरी तिचे प्रमुख ॲलन मुलाली स्पर्धकांना मदत द्या म्हणून काँग्रेससमोर बोलले, ते याच भीतीने.

मला या सगळ्यात सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मार्च २००९ मध्ये पुरवठादारांच्या बिलांना ५ अब्ज डॉलरची सरकारी हमी जाहीर झाली. ठरल्या तारखेला पैसे हवेत तर २ टक्के शुल्क, लगेच हवेत तर ३ टक्के. प्रत्यक्षात कर्ज गेलं फक्त ४१ कोटी ३० लाख डॉलर, आणि ते पूर्ण परत आलं. हमी आहे म्हटल्यावरच बरीचशी घबराट ओसरली.

तारण_आधी

वरचं मान्य, पण किंमत कोणी मोजली तेही लिहा. क्रायस्लरला तारणावर कर्ज देणाऱ्यांचे ६.९ अब्ज होते, मिळाले २ अब्ज, डॉलरमागे २९ सेंट. त्याच व्यवहारात निवृत्त कामगारांच्या आरोग्य न्यासाला, ज्याचं येणं विनातारण होतं, नव्या कंपनीचा अर्ध्याहून जास्त हिस्सा. इंडियानाचे पेन्शन फंड सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, ९ जूनला स्थगिती नाकारली गेली. 'लिलावात याहून कमी मिळालं असतं' हा युक्तिवाद चालला. पण सौद्याला पैसा पुरवणारा एकच आणि अटी ठरवणाराही तोच, मग किंमत तपासली कोणी?

दुसरं, 'देण्यांपासून मुक्त' विक्री. इग्निशन स्विचचा जीवघेणा दोष २०१४ मध्ये उघड झाला तेव्हा नव्या जीएमने सांगितलं की जुन्या गाड्यांचे दावे जुन्या कंपनीवर. २०१६ मध्ये अपील कोर्टाने बरेच दावे मोकळे केले, कारण दोष ठाऊक असूनही गाडीमालकांना नोटीसच दिली नव्हती. तोवर त्या घरांनी दोन वर्षं कोर्टात घालवली. हे मला आजही सहन होत नाही.

वाहन उद्योगावर एकूण ७९.७ अब्ज गेले, सुमारे ७०.४ परत आले. तुलनेला १९८० ची क्रायस्लर घ्या. सरकारने रोख दिली नाही, १.५ अब्जांपर्यंत कर्जहमी दिली. बँका, कामगार, पुरवठादार, सगळ्यांनी आधी सवलती द्यायच्या ही अट कायद्यातच होती. १९८३ मध्ये मुदतीआधी फेड झाली आणि शेअर वॉरंट (ठरल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क) विकून सरकारला ३१ कोटींवर डॉलर मिळाले. हमी, आधी सवलती, वर नफ्यात वाटा: याच क्रमाने जायला हवं.

रोकडवही

डाय_सेटर, ते २० दिवसांचं कलम आपल्याकडे आहे का? चाकणमधला व्हेंडर अशा वेळी काय करेल?

डाय_सेटर

नाही, तसं संरक्षण आपल्या दिवाळखोरी संहितेत नाही. पुरवठादार म्हणजे 'ऑपरेशनल क्रेडिटर'. धनको समितीत मत नाही, आणि किमान हक्क लिलाव झाल्यास जेवढं मिळालं असतं तेवढ्याचा. तारणवाले पुढे असल्याने ते बहुतेकदा शून्याच्या आसपास. मोरेटोरियम (वसुलीला स्थगिती) लागला की लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या समाधान पोर्टलवरची केसही थांबते. बुडालेल्या बिलावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही.

म्हणून खरं काम आधीच करायचं. गिऱ्हाईक तारखा पुढे ढकलू लागलं, विनाकारण डेबिट नोटा येऊ लागल्या की बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलं फायनान्सरला विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, विकायची. तिथली विक्री 'विदाउट रिकोर्स', म्हणजे पैसे बुडाले तर फायनान्सरचे. मात्र गिऱ्हाईकाने बिल तिथे मंजूर करावं लागतं, आणि नाव खराब झाल्यावर ते बिल घ्यायला कोणी उभं राहत नाही. त्यामुळे सुरुवात चांगल्या दिवसांतच हवी.

अर्ज दाखल झालाच तर जाहीर नोटीस बघून फॉर्म बी (पुरवठादाराच्या दाव्याचा अर्ज) भरायचा, चलन, पोच आणि लेजरसकट. मुदत चौदाच दिवसांची असते. प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेला लेजर तोडायचं: त्याआधीची थकबाकी वेगळी, नंतरचा माल वेगळा. नंतरचा माल प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि तो सगळ्यांच्या आधी मिळतो. दोन्ही एकाच खात्यात ठेवून आलेला पैसा जुन्या बिलांना लावला, तर नव्या मालाचा तो हक्कही तुम्हीच घालवता.