शेवटचे दोन खांब गाळतोय

प्रश्न: माझा कुत्रा शेरू अडथळा-शर्यतीतल्या वीव्ह पोल्समध्ये (ओळीतले 12 खांब, त्यांतून नागमोडी जायचं) शिरतो झकास, पहिला खांब बरोबर डाव्या खांद्याला. पण 10व्या खांबाशी आला की सटकतो, थेट बोगद्याच्या अडथळ्याकडे! 6 खांब असले की बिनचूक. काय करावं?

उत्तर: तेव्हा तुमचे खांदे कुठे वळलेले असतात? कुत्रा हाकेपेक्षा अंगाचा रोख आधी वाचतो. 12वा पार होईपर्यंत सरळच धावा. बक्षिसाचं खेळणं हातातून देऊ नका, शेवटच्या खांबापुढे फेका.

दुसरं उत्तर: 6 वरून एकदम 12? मध्ये 8, 10 घ्या की. पिल्लू असेल तर घाई नकोच, पाठ पिळवटते.

प्रश्नकर्ती: तीन वर्षांचा आहे. खेळण्याला विचारत नाही हो, खादाड आहे नुसता.

उत्तर: मग खाऊ डबीत बंद करून फेका. उघडायला तुमच्याकडेच येईल.