स्पॉइल्स सिस्टीम = खोगीरभरती??

रानवाट: अमेरिकेच्या सरकारी नोकरभरतीवरचा लेख मराठीत करतेय. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळी घालणारा गितो सरकारी पद मिळालं नाही म्हणून चिडलेला होता, त्या हादऱ्यातून १८८३ चा पेंडलटन कायदा आला आणि काही पदांसाठी (सुरुवातीला जेमतेम १० टक्के) परीक्षा सुरू झाली. त्याआधी निवडणूक जिंकली की जुने पोस्टमास्तर, कारकून हाकलून आपली माणसं बसवायची, ती स्पॉइल्स सिस्टीम. मी 'लूटपद्धती' लिहिलं, संपादकांनी खोडून 'खोगीरभरती' केलं. मला अजिबात पटत नाहीये.

जुनापुराणा: संपादक बरोबर आहेत. खोगिरात चिंध्या, गवत हाताला लागेल ते कोंबायचे, त्यावरून आलेला अस्सल शब्द आहे. लूटपद्धती कोण बोलतं हो?

रानवाट: पण खोगीरभरती म्हटलं की माणसं नको तेवढी झाली असा अर्थ होतो ना? इथे शंभर काढून शंभरच घेतले तरी ती स्पॉइल्सच.

तांबडंफुटलं: 'वशिलाशाही' करा, वश करणे यावरूनच आलाय तो शब्द.

कोर्टकचेरी: वश नाही, अरबी वसीला. आणि वशिला एकट्यादुकट्याचा असतो, इथे अख्खा पक्ष आहे. लूटच ठेवा, १८३२ मध्ये सिनेटर मार्सी बोलले तेच मुळी शत्रूकडून मिळालेल्या लुटीवर जेत्याचा हक्क असं होतं, म्हणजे मोहिमेतली लूट.

पोटोमॅककाठ: मेरीलँडमधून लिहितोय. रानवाट, तुमचा मुद्दा सोडू नका, माणसं किती आणि ती कशी नेमली, इथल्या राजकारणात नेमकी हीच गल्लत चालते. पोस्ट सोडलं तर केंद्राचे मुलकी कर्मचारी २० लाखांच्या थोडे वर आहेत, आणि साठच्या दशकाच्या शेवटीही साधारण तेवढेच होते, लोकसंख्या मात्र २० कोटींची ३४ कोटींच्या आसपास गेली. वाढ झाली ती राज्यं, काउंट्या, शाळांमध्ये, तिथे दोन कोटींच्या आसपास लोक आहेत, शिवाय कंत्राटदारांची माणसं या मोजणीत येतच नाहीत. आता शेड्यूल एफ बघा, २०२० मध्ये ट्रम्पनी आणलं, बायडननी आल्या आल्या रद्द केलं, २०२५ मध्ये परत आलं. धोरण ठरवण्याशी संबंधित पदांचं नोकरीचं संरक्षण काढायचं असं ते आहे. विरोधक म्हणतात स्पॉइल्स परत येतेय, त्याचं खोगीरभरती केलंत तर वाचकाला वाटेल की माणसं फार झाली अशी त्यांची तक्रार आहे, आणि ते तर नोकरकपातीच्या विरोधात आहेत!

जुनापुराणा: आकडे ठीक आहेत, पण शब्द लोकांच्या तोंडी असलेला हवा. खोगीरभरती म्हणजे नालायकांची भरती असंही आमच्याकडे सर्रास म्हणतात.

पोटोमॅककाठ: मग ज्यांना विनापगारी घरी बसवलं त्यांना काय म्हणाल? २०२५ मध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने ४३ दिवस सरकारी कामकाज बंद होतं, तेव्हा घरून फोन आला, पेपरात 'लाखो कर्मचारी फर्लोवर' वाचलं, तुला पकडलं का रे? आई खरंच घाबरली होती.

कोर्टकचेरी: घाबरणारच, आपल्याकडे फर्लो तुरुंगातल्याला मिळते. सरकारी मराठीत संचित रजा, पॅरोलला अभिवचन रजा. मूळ शब्द डच आहे, सैनिकांच्या रजेचा, इंग्रज साहेबसुद्धा फर्लोवर विलायतेला जायचे.

तांबडंफुटलं: मग संचित रजाच लिहा की, तयार शब्द आहे.

पोटोमॅककाठ: संचित कसली? साठवलेली रजा नाही ती, घरी बस म्हणून सांगतात. सक्तीची बिनपगारी रजा म्हणा.

रानवाट: बिनपगारी कसं? २०१९ च्या कायद्यानंतर सरकारी नोकरांना मागचा पगार मिळतो ना.

पोटोमॅककाठ: त्यांना मिळतो, कंत्राटावरच्यांना तशी हमी नाही. आमच्या घरात एक सरकारी आणि एक कंत्राटी आहे, त्यामुळे हा फरक फार लागतो.

जुनापुराणा: ले-ऑफ लिहा, गिरणगावात सगळ्यांना कळायचं.

कोर्टकचेरी: नको, आपल्या कामगार कायद्यात ले-ऑफला निम्म्या पगाराची भरपाई आहे, तिथे तसं काही नाही. सरळ 'कामबंदी' करा.

तांबडंफुटलं: कामबंदी म्हणजे टाळेबंदी वाटते.