सेटल झाल्यावरच मूल: पटतं का?

सातरस्ता: आपल्या सोलापुरात तिशीला टेकलेली पोरं रात्री बाराला पार्क चौकात गाड्या लावून बसतात. मुलाचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर, "सेटल झालो की बघू." माझ्या मते बरोबरच आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि दोघांचा टर्म प्लॅन (मुदतीचा आयुर्विमा) नसेल तर सगळा भार आजी-आजोबांवर पडतो.

हुतात्मा: मालक, नुसतं थांबणं म्हणजे तयारी नव्हे. मेडिक्लेममध्ये बाळंतपण असलं तरी प्रतीक्षा काळ नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असतो. दिवस गेल्यावर पॉलिसी काढून काय उपयोग? बऱ्याच साध्या पॉलिसी बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात. त्याआधी काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर बिल खिशातून. आईनं फॉलिक अ‍ॅसिड (हे एक जीवनसत्त्व) घ्यायचं रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही दिवस जाण्याच्या महिनाभर आधीपासून. कारण ज्यासाठी ते घ्यायचं ती बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, तोवर कित्येकींना कळलेलंही नसतं.

सातरस्ता: मग हे माझ्याच बाजूचं झालं की!

हुतात्मा: नाही. तारीख ठरवा म्हणतोय. "बघू"वाल्यांनी यातलं एकही केलेलं नसतं.

जुळेसोलापूर: दोघंही पैशावरच अडलात. इथं नळाला काही दिवसांआड पाणी, घरोघरी बॅरल. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर, कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बॅरल रिकामा करून कडा घासायच्या, वर कापड बांधायचं. हे बापाचं काम, त्याला सेटल व्हावं लागत नाही. आणि मे महिन्यात पारा ४२ वर गेला तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चमचाभरही पाणी नको. पोट पाण्यानं भरतं, दूध कमी ओढलं जातं, वजन अडतं. जास्त वेळा अंगावर पाजणं हाच उपाय; आजीशी वाद होणारच.

नवीपेठ: बापाचं काम म्हणे! तो पुण्यात कंपनीत, आई-बाळ इथं. खाजगी नोकरीत बापाला कायद्यानं रजाच नाही. आईला २६ आठवडे, तेही आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल तर. शनिवार-रविवार येणारा बॅरल कधी घासणार?

जुळेसोलापूर: रविवारी.

हुतात्मा: जन्मनोंदही त्यानंच बघावी. २१ दिवसांच्या आत पैसे लागत नाहीत. बारसं लांबलं म्हणून थांबू नये, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला.

सातरस्ता: रविवारचं मान्य. सहा महिन्यांच्या खर्चावरून मात्र हटणार नाही. पेटीचं बिल कोण भरणार, ते अजून कुणी सांगितलं नाही.