क्रॉपी गळाला लागते, पण भोकाशी येऊन सुटते. आणि तव्यावर मोडते!

गोठलेला_पुणेकर:
नमस्कार मंडळी. पुण्याहून मिनेसोटात येऊन हा दुसरा हिवाळा. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आहेत. घरात बसून कुजतोस काय म्हणत त्यांनी गेल्या शनिवारी मला प्लिमथच्या मेडिसिन लेकवर नेलं, बर्फाला भोक पाडून क्रॉपी नावाचे मासे धरायला. (स्पेलिंग क्रॅपीचं आहे, म्हणतात मात्र क्रॉपी. मी स्पेलिंगप्रमाणे म्हटलं, तर आजोबांना हसू आवरेना.)

फ्लॅशरवर (पाण्याखालचे मासे रेघांनी दाखवणारं सोनार यंत्र) तळापासून सहा-सात फूट वर रेघा दिसत होत्या, म्हणजे मासे होतेच. मी आमिष त्यांच्यामधून थेट तळापर्यंत सोडत होतो. बराच वेळ काही नाही. मग पाच लागल्या, त्यातल्या तीन भोकाच्या तोंडाशी येऊन सुटल्या. तोवर आजोबा आठ काढून कॉफी पीत बसलेले.

उरलेल्या दोन घरी आणल्या. फिले काढले, आलं-लसूण, लिंबू, तिखट चोपडून दोन तास ठेवले, आई सुरमईला करते तसं. तव्यावर उलथायला गेलो तर भुर्जी. बायको म्हणाली, चव छान आहे, पण या पदार्थाचं नाव काय?

कुठे चुकतंय?

तारकर्लीकर:
दोन्हीकडे चुकतंय, पण काळजी नको. माझे इथे बारा हिवाळे झाले, त्यातले पहिले दोन असेच गेले. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा आमिष तळाला टेकवायचं, तेच हाताला वळण.

क्रॉपीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. ती वर बघून खाते. आमिष तिच्या खाली गेलं की तिच्या दृष्टीने ते तळ्यातच नाही. रेघेच्या फूटभर वर धरा आणि हात शांत ठेवा. हलवायचंच तर दांडीला बोटाने टिचकी, बस. रेघ वर सरकायला लागली की ती बघायला येतेय समजा.

आता खरी गोम. दांडी वाकायची वाट बघू नका. टोकाला ती बारीक स्प्रिंग असते ना, जिगच्या, म्हणजे वजन लावलेल्या छोट्या गळाच्या, भाराने जराशी झुकलेली? क्रॉपी आमिष तोंडात घेऊन वर येते, तेव्हा वजन निघून जातं आणि स्प्रिंग सरळ होते. खाली ओढ लागत नाही, उलट तंगूस (गळाची दोरी) सैल पडतो. मी पहिल्या वर्षी हे बघत बसायचो आणि वाटायचं वाऱ्याने हललं. त्या क्षणी मनगट उचला, नुसतं उचला. हिसका दिलात तर ओठ फाटतो, पापुद्र्यासारखा पातळ असतो. तुमच्या तीन सुटल्या त्या बहुधा अशाच. वर आणताना एका लयीत आणा, भोकाशी आल्यावर "अरे वा" म्हणून थांबू नका. तंगूस दोन पौंडी, जिग टंगस्टनचा, ३-४ मिलीमीटरचा, त्याला आमिष म्हणून एक वॅक्सवर्म, म्हणजे पांढरी अळी. जिग पाण्यात आडवा लटकायला हवा. प्रत्येक माशानंतर गाठ सरकते, ती बोटाने जागेवर आणा. आजोबा हे करत असणार, तुम्ही बघितलं नसेल.

गेला होतात किती वाजता? जानेवारीत इथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. साडेचार ते सहा हीच वेळ. दुपारी नुसती थंडी मिळते.

आणि तीस फुटांहून खोल पाण्यात गरवत असाल तर लहान म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. वर येताना पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडलेली बहुतेक जगत नाही. पुरेशा झाल्या की गुंडाळा. मर्यादा माणशी १० आहे, काही तळ्यांवर त्याहून कमी, लायसन काढताना बघून घ्या.

तव्याचं: सुरमई समजून वागलात तिथेच फसलात. हिचं मांस मऊ, पांढरं, पाकळ्या-पाकळ्यांचं. लिंबात दोन तास ठेवलं तर ते तव्याआधीच मोडायला लागतं. फिलेला मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी सुटेल, ते कागदाने टिपून कोरडं करा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं फुकट. मग चमचाभर आगळ, मालवणी मसाला, लगेच रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून बिडाच्या तव्यावर. तेल आधी तापलेलं हवं. एका बाजूला दोन-तीन मिनिटं, कड सोनेरी दिसली की एकदाच उलथा. पुन्हा पुन्हा उलथायला ती काय पोळी आहे?

मी स्वतः दहा इंची असली तर फिले करतच नाही. खवले काढून, पोट साफ करून, आडव्या चिरा देऊन अख्खी तळतो. काट्याला धरून राहते. पाठीवरचे काटे मात्र सांभाळून, चिलापीसारखेच टोचतात.

रोचेस्टरची_सुलू:
अख्खी वगैरे ठीक आहे हो तारकर्लीकर, पण ज्यांच्या घरी सहा वर्षांचं पोर आहे त्यांनी फिलेच करावेत. कल्ल्यामागे सुरी घालून कण्यापर्यंत जायचं, मग पातं आडवं करून कण्यालगत शेपटीपर्यंत. बरगड्यांचा भाग नंतर वेगळा काढायचा. सुरी बोथट असेल तर नादच सोडा. आणि हो, तळणी गॅरेजमध्ये. कार्पेटला लागलेला वास मे महिन्यापर्यंत जात नाही, अनुभवाचे बोल.

अजून एक, कोणी बोललंच नाही. आजोबा सोबत नसताना एकटे जाऊ नका. चालायला निदान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरा दुधाळ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. गळ्यात आइस पिक्सची जोडी अडकवून जा, बर्फ फुटून आत पडलात तर ते टोचे कडेला रोवून वर येता येतं. झरा किंवा ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो, तिकडे फिरकू नका.

गोठलेला_पुणेकर:
काल परत गेलो, चार वाजता. पाऊण तास स्प्रिंगकडे बघून डोळ्यांतून पाणी. मग ती खरंच सरळ झाली! मनगट उचललं, वर नऊ इंचांची. पुढच्या तासाभरात अजून पाच. शिवाय एक भोकाशी सुटली, कारण मी "अरे वा" म्हणालो.

घोटाळा नंतर झाला. उणे बारा फॅरनहाइट होतं, मासे बादलीत ठेवले आणि आजोबांशी गप्पा मारत बसलो. घरी आलो तर सहा मासे आणि बादली मिळून एकच दगड. सिंकमध्ये गार पाण्यात सोडवत बसलो रात्री साडेदहापर्यंत.

पण टिपून, आगळ लावून, एकदाच उलथून, पाकळी मोडली नाही. सोबत सोलकढी. बायकोने दोन खाल्ल्या आणि विचारलं, पुढच्या शनिवारी मी येऊ का.

तारकर्लीकर:
घेऊन जा. मासे बर्फात पुरायचे असतात, वाऱ्यावर नाही ठेवायचे. वहिनींना वेगळी दांडी द्या, तुमची देऊ नका.