मेडल कचऱ्यात टाकलं म्हणून एवढा राग का? (क्लोई किम आणि खेळाडूंची मतं)

डोंगरवेडा:
आपल्याकडे स्नोबोर्डिंग (पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायचा खेळ) कोण बघतं हा प्रश्न बाजूला ठेवा कारण वाद स्नोबोर्डचा नाहीच्चे. क्लोई किम, कोरियाहून अमेरिकेत आलेल्या आईबापांची पोरगी, जन्म 2000 चा, कॅलिफोर्नियातला. 2018 ला प्याँगचँग ऑलिम्पिकमध्ये हाफपाइपचं गोल्ड घेतलं तेव्हा वय वर्षं 17. (हाफपाइप म्हणजे बर्फाची अवाढव्य पन्हळ समजा, दोन्ही बाजूच्या भिंती 22 फुटी, या भिंतीवरून हवेत, गिरक्या, मग त्या भिंतीवरून हवेत, आणि जज लोक 100 पैकी मार्क देतात. हिला 98.25 आणि दुसरी आलेली चिनी खेळाडू 89.75 वर, म्हणजे चुरस वगैरे काही नव्हतीच.)

तर 2022 मध्ये बीजिंगच्या तोंडावर टाइम मासिकाला तिने सांगितलं की ते गोल्ड तिने आईबापांच्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. नंतर काढलं परत. पण त्या काळात तिला साधं खायला बाहेर पडता येईना, जाईल तिथे लोक घेरायचे, जगण्याचाच वैताग आला होता. मग 2019 मध्ये घोटा मोडला, ती प्रिन्स्टनला कॉलेजात गेली, 22 महिने एकही स्पर्धा नाही, आणि 2021 मध्ये परत आली तर पहिलीच स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी एशियन लोकांविरुद्धच्या द्वेषावर उघड बोलली, थेरपीबद्दल बोलली.

यावर आपले लोकसुद्धा 'माजली', 'कृतघ्न', 'खेळ ना गप' असं लिहितात हे मला कळत नाही. मेडल तिने जिंकलं, ते डब्यात टाकायचं का देव्हाऱ्यात ठेवायचं ते ती बघेल. आणि जिचा 17 व्या वर्षी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर फोटो छापून तुम्ही माल खपवता ती 21 व्या वर्षी तोंड उघडून काही बोलली की लगेच तुम्हाला देश, संस्कार, आईबाप सगळं आठवतं? मतं मांडा लोकहो.

तांबडा_रस्सा:
मांडतो. मला नाही पटलं.

मेडल कधीच एकट्याचं नसतं राव. तिच्या बापाने इंजिनियरची नोकरी सोडली पोरीसाठी. लॉस एंजेलिसच्या बाजूला राहायचे आणि मॅमथचा डोंगर पाच-सहा तासांवर, पहाटे उठून पोरीला गाडीत घालून न्यायचा. आणि डबा कुणाच्या घरचा? त्याच बापाच्या! त्याने तो डबा उघडल्यावर काय वाटलं असेल याचा विचार केला का कोणी?

आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर, त्यांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले तर कराड स्टेशनवर 151 बैलगाड्या न्यायला आल्या होत्या. आणि त्या माणसाने परत येऊन काय केलं? कुस्त्या लावून प्रिन्सिपलसाहेबांचे पैसे फेडले. ही जाणीव असते. ते पदक खाशाबांनी उकिरड्यावर फेकलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला?

निवृत्त_पीटी_मास्तर:
तांबडा रस्सा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आम्ही मुलांना शिकवायचो की जर्सी अंगात घातली की तुम्ही तुमचे राहत नाही. आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीवर मत असतं, सराव मात्र नको असतो. (क्लोई किमचा सराव कमी आहे असं म्हणत नाही, गैरसमज नको.)

हाफपाइप_हौशी:
खाशाबांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. पुढची मी सांगतो. ज्या देशाने त्या ब्राँझवर हक्क सांगितला त्याने त्यांना काय दिलं? पोलिसात नोकरी, तीही काही वर्षं वाट बघून. पद्म पुरस्कार आजतागायत नाही. 1984 मध्ये अपघातात गेले, अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. बैलगाड्या एक दिवसाच्या होत्या. गावाचं, प्रिन्सिपलचं ऋण मी मानतो, ते खरं होतं म्हणून त्यांनी फेडलं. पण जे नुसते मिरवायला येतात त्यांचं कसलं ऋण?

आणि अमेरिकेत तर हा मुद्दा अजूनच लंगडा पडतो, तिथल्या ऑलिम्पिक कमिटीला सरकार दमडी देत नाही, सगळं स्पॉन्सर आणि टीव्हीच्या पैशावर चालतं. गोल्डला त्या वेळी 37,500 डॉलर मिळायचे, तेही कमिटीकडून. म्हणजे 'आमच्या टॅक्सच्या पैशावर मोठी झाली' हे पण म्हणता येत नाही.

तांबडा_रस्सा:
टॅक्सचं मी बोललोच नाही, बापाचं बोललो. त्याचं उत्तर कुठाय?

मृण्मयी_न्यूजर्सी:
बापाचं मी देते, कारण मी इथेच राहते आणि दोन मुलं वाढवतेय.

तुम्ही सगळे मेडलच्या डब्यावर अडकलात पण 2021 ला ती काय बोलली ते कोणी वाचलंय का? 13 व्या वर्षी तिने एक्स गेम्समध्ये (असल्या थरारक खेळांची मोठी स्पर्धा) सिल्व्हर घेतलं आणि लोकांनी तिला मेसेज पाठवायला सुरुवात केली, की चीनला परत जा, आमच्या गोऱ्या मुलींची मेडलं पळवू नकोस. तेराव्या वर्षी! आणि चीनशी काय संबंध, आईबाप कोरियाचे. तिने सांगितलंय की त्यानंतर तिने चारचौघात आईवडिलांशी कोरियन बोलणं बंद केलं होतं.

हे वाचलं आणि मला कसंतरीच झालं हो, कारण माझा मोठा दुकानात माझ्या अंगाशी येऊन हळूच सांगतो, आई इंग्लिशमध्ये बोल ना. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही पोरांना श्लोक शिकवतो, गणपतीत लेझीम करवून घेतो, आणि सोमवारी ती पोरं ते सगळं दप्तराच्या तळाशी घालून शाळेत जातात. त्यांच्या वतीने कोणी मोठं नाव असलेलं माणूस उभं राहून बोललं तर मला फार बरं वाटतं. 2021 च्या मार्चमध्ये अटलांटाला गोळीबारात आठ माणसं मेली, त्यातल्या सहा एशियन बायका. त्यानंतर क्लोई म्हणाली होती की घराबाहेर पडताना पाउचमध्ये टेझर (विजेचा झटका देणारं यंत्र), पेपर स्प्रे घेऊन फिरते. ऑलिम्पिक चॅम्पियन! आणि मास्तर म्हणतात जर्सी घातली की तुम्ही तुमचे राहत नाही. अहो मास्तर, जर्सी घालूनही तिला अमेरिकन धरलंच नाही लोकांनी, त्याचं काय करायचं?

तिचा बाप तिकडे परका म्हणूनच जगला असणार. मेडल डब्यात बघून त्याला वाईट वाटलं असेल, पण लेक आपल्याशी आपल्या भाषेत बोलायला लाजते यापेक्षा जास्त नसेल, हे मी आई म्हणून सांगते.

शंकासूर:
मृण्मयीताईंचा मुद्दा मान्य, वंशवाद वाईट, त्यावर वाद नाही. पण मला एक वेगळीच शंका आहे.

खरं मत म्हणजे ज्याची किंमत मोजावी लागते ते. स्नोबोर्डिंगमध्येच उदाहरण आहे. नॉर्वेचा टेर्ये हाकोन्सन, नव्वदच्या दशकात हाफपाइपमधला सगळ्यात भारी मानला जायचा. 1998 ला नागानोमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं आणि हा गेलाच नाही. का तर ऑलिम्पिकवाल्यांनी स्नोबोर्डरांची स्वतःची संघटना सोडून स्कीवाल्यांच्या फेडरेशनकडे कारभार दिला म्हणून. ज्या स्कीवाल्यांच्या रिसॉर्टांनी स्नोबोर्डरांना वर्षानुवर्षं आत घेतलं नव्हतं! (अमेरिकेत आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन इथे अजूनही स्नोबोर्डला बंदी आहे, गंमत आहे सगळी.) तो गडी मेडल मिळण्याआधीच मेडल सोडून बसला. याला म्हणतात भूमिका.

आणि आपल्याकडचं बघा. 30 मे 2023, साक्षी मलिक, विनेश, बजरंग हरिद्वारला गंगेच्या काठावर मेडलं घेऊन बसले होते, सोडणार होते नदीत, शेवटी नरेश टिकैतांनी समजूत काढून थांबवलं. रस्त्यावर पोलिसांनी फरफटवून झालं होतं त्यांना. त्या मेडलांच्या मागे मागणी होती. क्लोईच्या डब्यामागे काय मागणी होती? गर्दीचा कंटाळा आला ही? मग मुलाखत, मग मासिकाचं कव्हर, मग परत स्पॉन्सर. मानसिक आरोग्य हा आता ब्रँडचाच एक भाग झालाय असं माझं स्पष्ट मत आहे, शिव्या घाला.

आणि हो, बीजिंग 2022. अमेरिकेने उइघुरांच्या (चीनमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांच्या) प्रश्नावर डिप्लोमॅटिक बॉयकॉट केला, मंत्री-संत्री कोणी गेलं नाही, खेळाडू मात्र गेले आणि बहुतेक सगळे चिडीचूप. घरी बोलायला काय जातंय, अडचणीच्या जागी बोलून दाखवा.

डोंगरवेडा:
शंकासूर, बीजिंगचं तुम्ही बोललात ते बरं झालं. स्पर्धेच्या काही आठवडे आधी आयोजन समितीतल्या माणसाने जाहीर सांगितलं होतं की चिनी कायद्याविरुद्ध बोललात तर शिक्षा होऊ शकते. आणि अमेरिकेच्या संसदेच्या तेव्हाच्या स्पीकर नॅन्सी पेलोसी, ज्यांनी अख्खं आयुष्य चीनविरुद्ध भाषणं केली, त्यांनीच खेळाडूंना सांगितलं की तिथे बोलून धोका पत्करू नका! म्हणजे पुढाऱ्यांनी घरी बसायचं, पोरांना पाठवायचं, पोरांना गप राहा म्हणून सांगायचं, आणि पोरं गप राहिली की आपण इथून म्हणायचं बघा कसे शेपूट घालून बसले. बोलले तर माजले आणि नाही बोलले तर भित्रे. कुठेतरी त्यांनाही जिंकू द्या की.

हाकोन्सनचं उदाहरण मला फार आवडतं पण तो 23 वर्षांचा, अख्ख्या स्नोबोर्ड जगाचा लाडका होता, मागे सगळी पोरं उभी होती. 13 व्या वर्षी 'परत जा' ऐकणाऱ्या मुलीला आणि त्याला एकाच मापाने कसं मोजता?

शंकासूर:
वयाने सूट द्यायची तर मतालाही वयाचीच किंमत द्या मग. दोन्ही कसं चालेल. 21 व्या वर्षी ती समाजावर बोलते तेव्हा गंभीरपणे ऐका म्हणता आणि कोणी प्रश्न विचारला की लहान आहे म्हणता.

हाफपाइप_हौशी:
हा मुद्दा बरा आहे शंकासूर, पटला. पण कुस्तीगीरांशी तुलना नाही पटली. प्रत्येक दुःखामागे मागणीपत्र लागतं का? शाळेतल्या पोरीला दिवसाला हजार अनोळखी माणसं तिचं शरीर, चेहरा, बाप, सगळ्यावर बोलतायत. 2018 च्या ऑलिम्पिकच्याच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका रेडिओवाल्याने तिच्यावर घाणेरडी कमेंट केली होती, वय 17, त्याची नोकरी गेली ते सोडा. असं असताना मेडलचा राग येणार नाही तर काय येणार?

आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये शॉन व्हाइट, 31 वर्षांचा बाप्या, गोल्ड जिंकल्यावर अमेरिकेचा झेंडा जमिनीवरून ओढत नेला. बोंब झाली, सॉरी म्हणाला, विषय संपला. झेंडा फरफटला तर चूकभूल आणि स्वतःचं मेडल स्वतःच्या घरात टाकलं तर कृतघ्न. हा हिशोब मला कोणीतरी समजावून सांगा.

निवृत्त_पीटी_मास्तर:
झेंड्याचं समर्थन कोणीच केलेलं नाही. तेही चूकच.

मृण्मयीताईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. तुमचं लिहिलेलं वाचून वाईट वाटलं, नातवंडं माझीही परदेशात आहेत. पण मी ज्या मुलांना शिकवलं ती ऊसतोड कामगारांची मुलं होती, त्यांना थेरपिस्ट नव्हता आणि 22 महिने सुट्टी तर स्वप्नातही नव्हती, जिल्हा पातळीला नंबर आला की पोलीस भरतीत उपयोग होईल एवढंच गणित. त्या मुलांपुढे मी 'मन लागत नसेल तर विश्रांती घ्या' हा आदर्श कसा ठेवू? माझा राग त्या मुलीवर नाही. प्रिन्स्टनवाल्यांची पथ्यं आमच्या मैदानावर आणून विकू नका एवढंच म्हणणं आहे.

मृण्मयी_न्यूजर्सी:
मास्तर, ऊसतोडवाल्यांच्या मुलांना थेरपिस्ट नव्हता हे त्यांचं बळ नव्हतं हो, ती त्यांची गैरसोय होती. किती मुलं मधेच सोडून गेली असतील, कोणी विचारलं का जाऊन? मिळालं नाही म्हणून नकोच, असं नका करू.

बाकी विश्रांती घेऊन ती काही संपली नाही. बीजिंगला परत गोल्ड घेतलं, पहिल्याच रनला (म्हणजे फेरीला) 94, उरलेल्या दोन्ही रनला पडली तरी कोणी पुढे जाऊ शकलं नाही. हाफपाइपमध्ये लागोपाठ दोन ऑलिम्पिक गोल्ड घेणारी पहिली बाई.

शंकासूर:
हेच ते! शेवटी तुम्हीसुद्धा मेडलच दाखवलं. परत आल्यावर हरली असती, तर तिच्या मताला तुम्ही एवढंच वजन दिलं असतं का? प्रामाणिकपणे सांगा.

मृण्मयी_न्यूजर्सी:
मी दिलं असतं. बाकीच्यांनी तिचा नंबरही ऐकून घेतला नसता, आणि मेसेजमध्ये तेच लिहिलं असतं, चीनला परत जा.

तांबडा_रस्सा:
हौशी, खाशाबांचं तुम्ही बोललात ते मला लागलंय, त्यावर वेगळा धागा काढा, पद्मचा विषय निघालाच आहे तर तिथे मी तुमच्या बाजूने भांडतो. इथे मात्र नाही. मेसेज पाठवणाऱ्यांना जोड्याने मारा, रेडिओवाल्याला मारा, मी पण येतो. पण बाप पाच-सहा तास गाडी चालवायचा ना भाऊ, त्यातलं एक टोक धरून जरी मेडल कपाटात राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? याला अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.