फुगा १२ किमीवर पोहोचताच जीपीएस थांबले, पुढे कॅमेराही बंद पडला: पुढच्या उड्डाणापूर्वी काय बदलावे?

प्रश्न

आम्ही चौघांनी गेल्या महिन्यात १२०० ग्रॅमचा लॅटेक्सचा हवामान-फुगा हीलियम भरून सोडला. त्याखाली पॅराशूट आणि थर्माकोलच्या पेटीत छोटा कॅमेरा, जीपीएस व लोरा प्रक्षेपक (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारा रेडिओ) असे एकूण १ किलो वजन होते. विमान वाहतूक नियंत्रकांची लेखी परवानगी घेतलेली होती. ५८ मिनिटांनी फुगा १२ किमी उंचीवर पोहोचला आणि नेमके तेव्हापासून नवे स्थान मिळणे थांबले. संदेश अखंड येत होते, पण त्यांत जुनेच अक्षांश-रेखांश होते. उतरताना १२ किमीच्या खाली स्थान पुन्हा मिळू लागले, म्हणूनच पेटी सापडली, तीही अंदाजापेक्षा बरीच दूर. कॅमेऱ्याचे चित्रण ७० व्या मिनिटाला संपले आहे आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत चित्राच्या मध्यापासून पांढरट पडदा पसरत गेलेला दिसतो. घरी आणल्यावर त्याच बॅटरीत निम्मा चार्ज शिल्लक होता. काळे आकाश आणि पृथ्वीची वक्र कड पाहण्यासाठी सारा खटाटोप केला आणि तोच भाग हातून निसटला. आमचे नेमके कुठे चुकले?

उत्तर १

स्थान १२ किमीवर थांबले, हीच सर्वांत उपयोगी खूण आहे. जुन्या निर्यात-निर्बंधांमुळे काही जीपीएस १८ किमीच्या वर गप्प होतात. तुमचे त्याआधीच थांबले, म्हणजे कारण वेगळे असावे. यू-ब्लॉक्स कंपनीचे जीपीएस मूळ स्थितीत जमिनीवरच्या वापरासाठी मांडलेले असते आणि त्या मांडणीत उंचीची मर्यादा १२ किमी असते. त्याला हवाई उड्डाणाच्या पद्धतीत जाण्याची आज्ञा दिली की ते ५० किमीपर्यंत चालते. मात्र वीज खंडित झाली की ही मांडणी पुसली जाऊ शकते, म्हणून आज्ञा एकदाच पाठवून निश्चिंत राहू नका. प्रत्येक वेळी सुरू होताना ती पाठवा, पोच येते का ते तपासा आणि उड्डाणात दर काही मिनिटांनी पुन्हा पाठवत राहा.

उत्तर २

कॅमेऱ्याबाबत तुमचेच आकडे बोलके आहेत. १२ किमीला ५८ मिनिटे लागली, म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम ३.४ मीटर होता. त्या हिशेबाने ७० व्या मिनिटाला फुगा साडेचौदा किमीच्या आसपास असणार. वातावरणाचा सर्वांत थंड थर याच टापूत येतो, तेथे तापमान उणे ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली असते आणि तुमचा फुगा त्या थरातून रेंगाळत गेला. गारठलेल्या बॅटरीचा विद्युत दाब (व्होल्टेज) मागणी वाढताच कोसळतो, ती रिकामी झाली असे समजून कॅमेरा बंद होतो आणि ऊब मिळताच तोच चार्ज परत दिसतो. एकदाच वापरायच्या लिथियम सेलवर कॅमेरा चालवा, कारण ते उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. साधे अल्कलाइन सेल या कामी अजिबात घेऊ नका.

पांढरा पडदा म्हणजे पेटीत अडकलेल्या दमट हवेचे काचेवर गोठलेले दव. पेटीला काच लावूच नका. भिंतीला भिंगाच्या मापाचे भोक पाडून भिंग बाहेरच्या हवेत ठेवा, पेटी कोरड्या खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. सलग चित्रणाऐवजी दर पाच सेकंदांनी एक छायाचित्र घेतले तर बॅटरी आणि मेमरी कार्ड दोन्ही पुरतात.

उत्तर ३

पेटी दूर गेली, त्याचे मूळही त्या ३.४ मीटरमध्येच आहे. वायू कमी भरला की फुगा हळू चढतो आणि वाऱ्याबरोबर तेवढा अधिक वाहवतो. फारच कमी भरला तर तो न फुटता तरंगत राहण्याचीही भीती असते. वायू डोळ्यांच्या अंदाजाने भरू नये. १ किलोच्या पेटीसाठी साधारण २ किलोची उचल लागते: पेटीच्या वजनाइतकी एक किलो आणि चढण्यासाठी वरची एक किलो. आम्ही पाण्याने भरून बरोबर २ किलो केलेली बाटली फुग्याच्या मानेला टांगतो आणि वारा पडलेला असताना ती जमिनीपासून वीतभर उंचीवर, वरही जात नाही आणि खालीही बसत नाही अशी थांबली, की नळी बंद करतो. एवढ्याने वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास मिळतो. भरताना सुमारे पावणेदोन मीटर व्यासाचा असलेला फुगा वर साडेआठ मीटरपर्यंत ताणला जाऊन ३० किमीच्या वर फुटतो. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे एक टक्का असतो आणि तुम्हाला हवे असलेले काळे आकाश तेथेच दिसते. लॅटेक्सला उघडा हात लावू नका; हातमोजे घालूनच तो हाताळा.

वाऱ्याच्या ताज्या अंदाजावरून उतरण्याची जागा आदल्या दिवशी आणि पुन्हा त्याच सकाळी काढा. ती वस्ती, मोठे जलाशय किंवा विमानतळ यांच्या जवळ येत असेल, तर फुगा त्या दिवशी सोडू नका, मग सिलिंडर आणून ठेवलेला असला तरी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. प्रोग्रॅम उघडून पाहिला. हवाई पद्धतीची आज्ञा फक्त पहिल्या चाचणीत हाताने दिलेली होती आणि उड्डाणाच्या सकाळी आम्ही नवे सेल घातले होते. आता ती आज्ञा प्रोग्रॅममध्येच टाकली आहे. पेटी आज रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून कॅमेरा किती वेळ चालतो ते पाहणार आहोत.